टपाल बहिणीकडे, नंबर आपल्याकडे: पाच महिन्यांच्या भारतमुक्कामासाठी वापरलेल्या सेवांविषयी

न्यू जर्सीतले आमचे घर गेली तीन वर्षे दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत बंद असते. निवृत्तीनंतर थंडीचे महिने पुण्यात सासूबाईंजवळ काढायचे असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले. नळाचे पाणी बंद करणे, हीटर कमी तापमानावर ठेवणे, शेजाऱ्यांकडे किल्ली देणे ही कामे आम्ही पहिल्याच वर्षी मन लावून केली. दारातल्या पत्रपेटीचे काय करायचे आणि आपला फोननंबर कोणाच्या हाती जाऊ द्यायचा, या दोन प्रश्नांचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने झाला. त्या घाईची किंमत आम्ही मोजली. पुढच्या दोन वर्षांत वेगवेगळ्या सेवा वापरून जी व्यवस्था बसली तिचे हे परीक्षण आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि दरवर्षी काही महिने मायदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना, विशेषतः नुकत्याच निवृत्त झालेल्यांना, ते उपयोगी पडावे एवढ्याच इच्छेने मी ते सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वर्षी घडले ते असे. आम्ही टपाल माझ्या धाकट्या बहिणीच्या मेरीलँडच्या घराकडे वळवले आणि त्याच सुमारास, महिन्याचे फोनबिल वाचावे म्हणून, माझा वीस वर्षांचा जुना मोबाइल नंबर इंटरनेटवरून चालणाऱ्या एका सेवेत हलवला. जानेवारीत माझ्या बँकेने मुदत संपत आलेल्या डेबिट कार्डाऐवजी नवे कार्ड आपण होऊन पाठवले. ते पाकीट बहिणीकडे गेले नाही, परत बँकेकडे गेले, आणि पत्ता चुकीचा दिसतो म्हणून बँकेने माझ्या खात्यावरचे व्यवहार थांबवले. फोन केला तेव्हा समोरच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले की ओळख पटवण्यासाठी माझ्या मोबाइलवर कोड पाठवतो. परंतु इंटरनेटवर चालणारे नंबर त्या बँकेच्या यंत्रणेला मान्य नव्हते आणि कोड आलाच नाही. मग दुसरा मार्ग कोणता, असे मी विचारले. दुसरा मार्ग नोंदवलेल्या पत्त्यावर पत्र पाठवण्याचा होता. आठ हजार मैलांवर बसलेल्या माणसाला यातून बाहेर पडायला सहा आठवडे लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आले की टपालाचा पत्ता आणि फोननंबर हे आपण दोन निराळे विषय समजतो, तरी अमेरिकेत माणसाची ओळख या दोन खुंट्यांवरच टांगलेली असते. पत्त्याविषयी शंका आली की संस्था नंबरवर कोड पाठवते आणि नंबराविषयी शंका आली की पत्त्यावर पत्र. म्हणून ज्या काळात पत्ता वळवलेला आहे त्या काळात नंबर जागचा हलवू नये, आणि नंबर बदलायचाच असेल तर आपण घरी असताना आणि पत्रपेटी आपल्या ताब्यात असताना बदलावा. पुढे ज्या सेवांविषयी लिहिले आहे त्या प्रत्येकीकडे मी याच दृष्टीने पाहिले आहे.

अमेरिकेच्या टपालखात्याची, म्हणजे यूएसपीएसची, तात्पुरत्या पत्ताबदलाची सेवा आमच्या व्यवस्थेचा पाया आहे, आणि तिच्याविषयी माझे मत चांगले आहे. ती किमान १५ दिवसांसाठी घेता येते. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत आणि वाढवून घेतल्यास वर्षभरापर्यंत चालते. आमच्या पाच महिन्यांच्या मुक्कामाला ती नेमकी पुरते. टपाल कार्यालयात फोटोचे ओळखपत्र घेऊन गेल्यास काहीही शुल्क पडत नाही. टपालखात्याच्या संकेतस्थळावर अर्ज केल्यास ओळखपडताळणीसाठी एक डॉलरहून थोडी अधिक रक्कम कार्डावरून घेतली जाते. इथे एक सावधगिरी हवी. इंटरनेटवर शोध घेतला असता सरकारी भासणारी अनेक खासगी संकेतस्थळे वर येतात आणि याच कामाचे ४० डॉलर किंवा त्याहून अधिक पैसे मागतात. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘डॉट कॉम’ आहे की ‘डॉट गव्ह’ एवढे पाहून भागत नाही, कारण टपालखात्याचे स्वतःचे संकेतस्थळच ‘यूएसपीएस डॉट कॉम’ आहे; म्हणून ते नाव स्वतः टंकून उघडावे, शोधयादीतल्या जाहिरातीवरून जाऊ नये. मला स्वतःला कार्यालयात जाऊन अर्ज देणे अधिक पसंत आहे, कारण खिडकीवरचा कर्मचारी अर्ज पाहून रिकामे राहिलेले रकाने लगेच दाखवतो.

आता मराठी कुटुंबांना हमखास अडचणीत आणणारा मुद्दा. अर्जात ‘व्यक्ती’ आणि ‘कुटुंब’ असे दोन पर्याय असतात आणि आपण साहजिकच ‘कुटुंब’ निवडतो. परंतु तो अर्ज एकाच आडनावाच्या माणसांना लागू होतो. मी लग्नानंतर माहेरचे आडनाव कायम ठेवले. पहिल्या वर्षी यजमानांच्या आडनावाने भरलेल्या कुटुंबाच्या अर्जावर त्यांची सगळी पत्रे मेरीलँडला पोहोचली आणि माझी न्यू जर्सीच्या पेटीत साचत राहिली, हे शेजारच्या आजोबांनी पेटीचे झाकण लागत नाही असे कळवले तेव्हा उमगले आणि मग माझ्या नावाचा वेगळा अर्ज द्यावा लागला. चूक आमचीच होती. सूचना अर्जावर स्पष्ट छापलेली आहे. ज्या घरात पत्नीचे आडनाव वेगळे आहे, किंवा सासू-सासऱ्यांच्या कागदपत्रांत आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे लागले आहे, त्या घराने प्रत्येक आडनावासाठी स्वतंत्र अर्ज करावा. काही पत्रे वडिलांचे नाव मधले नाव म्हणून धरून येतात, काही पतीचे नाव धरून येतात. अशी रूपे पाकिटांवर कशी छापलेली असतात हे महिनाभर आधीपासून पाहून ठेवावे.

काय वळते आणि काय वळत नाही, हे समजून घेतले नाही तर या सेवेविषयी विनाकारण तक्रार होते. फर्स्ट क्लासची पत्रे आणि प्रायॉरिटी मेलची पाकिटे विनामूल्य पुढे जातात. नियतकालिके ६० दिवसांपर्यंत पुढे जातात, त्यानंतर नाही. जाहिरातींचे टपाल सहसा वळत नाही, आणि बहिणीची पेटी भरू नये म्हणून ते योग्यच आहे. मात्र ज्या पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ असे शब्द छापलेले असतात ते पाकीट तुम्ही कितीही अर्ज केलेत तरी पुढे न जाता पाठवणाऱ्याकडे परत जाते. बँका कार्डे पाठवताना हीच सूचना छापतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांचे करणे बरोबर आहे. कोणी चोराने तुमच्या नावाने पत्ता वळवला तर निदान कार्ड त्याच्या हाती लागत नाही. माझे कार्ड परत गेले ते यामुळेच. इमिग्रेशन खात्याच्या पत्रांबाबतही टपालाच्या पत्ताबदलावर अजिबात विसंबू नये. ज्यांचा ग्रीन कार्डाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित आहे त्यांनी पत्त्याची नोंद थेट त्या खात्याकडे करावी, आणि शक्य असेल तर लांबचा मुक्कामच पुढे ढकलावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने बसून मी यादी करते. कोणत्या कार्डाची मुदत आपण परदेशी असताना संपणार आहे, गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण कधी आहे, घराच्या विम्याची पावती कधी येते. मुदत संपणारे कार्ड बँकेला फोन करून आधीच मागवून घेता येते. नोकरी करणाऱ्यांचा डब्ल्यू-२ हा करविषयक कागद ३१ जानेवारीच्या आसपास येतो, बँका आणि दलाली संस्थांचे १०९९ कागद जानेवारी-फेब्रुवारीत येतात, म्हणजे नेमके आपण पुण्यात असताना. हे सगळे कागदाऐवजी संकेतस्थळावरून घेण्याचा पर्याय निवडला तर वळवण्याच्या टपालाचे ओझे निम्मे होते. १५ एप्रिलच्या आत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे असते आणि पाडवा करून परत आल्यावर हातात जेमतेम काही आठवडे उरतात.

अर्ज किमान दोन आठवडे आधी द्यावा, कारण वळवणी सुरू व्हायला तेवढा वेळ लागू शकतो. अर्जानंतर जुन्या पत्त्यावर एक खात्रीपत्र येते आणि नव्या पत्त्यावर एक पुष्टीपत्र जाते; पुष्टीसोबतचा सांकेतिक क्रमांक जपून ठेवावा, कारण परतीची तारीख बदलली तर दुरुस्तीसाठी तो लागतो. आपण अर्ज केलेला नसताना असे खात्रीपत्र पेटीत आले, तर कोणीतरी आपले टपाल पळवण्याच्या प्रयत्नात आहे असे समजून त्याच दिवशी टपाल कार्यालय गाठावे.

तात्पुरता आणि कायमचा, हे दोन प्रकार केवळ मुदतीने वेगळे नाहीत. कायमचा पत्ताबदल केला की तुमचा नवा पत्ता टपालखात्याच्या एका राष्ट्रीय नोंदसंग्रहात जातो आणि ज्या व्यावसायिक संस्थांकडे तुमचा जुना पत्ता आहे त्यांना परवान्याने तो जुळवून घेता येतो. तात्पुरता पत्ताबदल त्या संग्रहात जात नाही. बहिणीचा पत्ता आपल्या नावाशी जोडून जाहिरातदारांच्या याद्यांत फिरू नये असे वाटणाऱ्याने, अर्जावरची ती एक चौकट भरताना घाई करू नये.

टपालखात्याची दुसरी विनामूल्य सेवा टपाल राखून ठेवण्याची आहे, जिला इथली मराठी माणसे ‘मेल होल्ड’ म्हणतात. ती ३ ते ३० दिवसांसाठी मिळते आणि संपूर्ण पत्त्याचे टपाल एकत्र राखले जाते. तीन आठवड्यांच्या लग्नकार्याच्या प्रवासाला तिच्यासारखी सोय नाही. पाच महिन्यांना ती पुरत नाही. ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही २०१७ पासून देशभर सुरू असलेली सेवा पत्राच्या आकाराच्या पाकिटांच्या दर्शनी बाजूचे कृष्णधवल छायाचित्र रोज ईमेलने पाठवते. आम्ही ती आमच्या पत्त्यासाठी वर्षभर चालू ठेवतो आणि प्रवासाच्या आधीच्या महिन्यांत तिचा सर्वांत अधिक उपयोग होतो, कारण कोणती संस्था आपल्याला अजून कागदी पत्र पाठवते याची आपोआप नोंद तयार होते.

पैसे देऊन मिळणारे दोन मार्गही आम्ही तपासले. टपालखात्याच्याच प्रीमियम फॉरवर्डिंग सेवेत पेटीतले बहुतेक सगळे टपाल, जाहिरातींसह, आठवड्यातून एकदा एका पाकिटात बांधून दुसऱ्या पत्त्यावर जाते. नोंदणीशुल्क वेगळे आणि दर आठवड्याला २० डॉलरहून अधिक, म्हणजे आमच्या मुक्कामाचा खर्च ४०० डॉलरच्या पुढे. ज्यांना प्रत्येक कागद हवाच असतो अशा छोट्या व्यावसायिकांसाठी तो रास्त असेल, आमच्यासाठी नव्हता. दुसरा मार्ग खासगी आभासी टपालपेटीचा. एक खासगी कंपनी तुम्हाला पत्ता देते, आलेल्या पाकिटाचे छायाचित्र दाखवते आणि तुम्ही सांगाल तसे उघडून स्कॅन करते, पुढे पाठवते किंवा फाडून टाकते. त्यासाठी टपालखात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज भरून, दोन ओळखपत्रे जोडून, त्यावर नोटरीसमोर किंवा त्या कंपनीच्या प्रतिनिधीसमोर सही करावी लागते. दुसऱ्या वर्षी आम्ही अशी एक सेवा घेतली होती. छायाचित्रे वेळेवर येत, पण स्कॅनची विनंती केल्यावर कधी दोन दिवस तर कधी नऊ दिवस लागत, आणि ग्राहकसेवेच्या ईमेलला साचेबंद उत्तरे येत. त्याहून मोठी अडचण त्या व्यवस्थेतच आहे: असा पत्ता व्यावसायिक म्हणून ओळखला जातो आणि बँका तो राहण्याचा पत्ता म्हणून स्वीकारत नाहीत. शिवाय आपली आर्थिक पत्रे अनोळखी माणसे उघडून स्कॅन करतात ही गोष्ट मला शेवटपर्यंत मनाला पटली नाही. ज्यांचे अमेरिकेत कोणीच नातेवाईक किंवा विश्वासाचे स्नेही नाहीत त्यांनीच हा मार्ग घ्यावा.

आम्हाला बहीण आहे, हे आमचे भाग्य. तिच्या पेटीच्या आतल्या बाजूस आमच्या दोघांची पूर्ण नावे लिहिलेली चिठ्ठी ती दिवाळीआधी चिकटवते, कारण त्या भागातल्या टपालवाहकाला ही नावे ओळखीची नसतात आणि अनोळखी नावाचे पत्र तो परत नेऊ शकतो. कोणती पाकिटे उघडायची याची लेखी परवानगी आम्ही तिला दिलेली आहे. दुसऱ्याच्या नावाचे टपाल त्याच्या संमतीवाचून उघडणे हा इथे गुन्हा आहे, आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीतही ही गोष्ट कागदावर असलेली बरी. रविवारी सकाळी ती पत्रांची छायाचित्रे सिग्नल या संदेशांच्या ॲपवरून पाठवते, ती काही दिवसांनी आपोआप पुसली जातील अशी व्यवस्था त्यातच आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खातेक्रमांकांची छायाचित्रे टाकायची नाहीत, एवढा एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

आता नंबराविषयी. तिसऱ्या वर्षापासून आमच्याकडे तीन नंबर आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. पहिला, खऱ्या मोबाइल कंपनीचा जुना नंबर, जो पहिल्या वर्षीच्या अनुभवानंतर मी पुन्हा मोबाइल कंपनीकडे आणला. तो फक्त बँका, करखाते, डॉक्टर आणि घरचे लोक यांच्याकडे आहे. कंपनीच्या सर्वांत स्वस्त योजनेवर तो ठेवला तरी चालतो, मात्र त्यात वाय-फाय कॉलिंग, म्हणजे मोबाइलच्या टॉवरऐवजी वाय-फायवरून फोन आणि संदेश येण्याची सोय, असली पाहिजे; ती सुरू असेल तर पुण्यातल्या घरात बसूनही बँकेचा कोड त्याच नंबरवर येतो. ती सुरू करताना आपत्कालीन सेवेसाठी अमेरिकेतला पत्ता नोंदवावा लागतो, म्हणून हे काम विमानतळावर जाण्याआधी घरीच करून, फोन विमान-स्थितीत ठेवून केवळ वाय-फायवर एक कोड मागवून पाहावा. नंबर कोणी परस्पर दुसऱ्या सिमवर किंवा दुसऱ्या कंपनीत नेऊ नये म्हणून बहुतेक मोठ्या कंपन्या कुलूप लावण्याची सोय विनामूल्य देतात. लांबच्या प्रवासाआधी ते लावावेच, कारण आपला नंबर चोरीला गेल्याचे परदेशात असताना पहिल्या तासात कळत नाही.

दुसरा नंबर गूगल व्हॉइस या इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवेचा आहे आणि या सगळ्यात मला सर्वाधिक समाधान त्याने दिले. ग्रँडसेंट्रल नावाची कंपनी २००७ मध्ये विकत घेऊन गूगलने २००९ मध्ये ही सेवा सुरू केली. वैयक्तिक वापरासाठी ती विनामूल्य आहे, पण घेताना तुम्ही अमेरिकेत असावे लागते आणि जोडण्यासाठी आधीचा अमेरिकी नंबर लागतो. त्यामुळे पुण्यात पोहोचल्यावर घेऊ, असे म्हणून चालत नाही. प्लंबर, बागकाम करणारा, किराणा दुकानाचे सवलतकार्ड, मंडळाच्या कार्यक्रमाचे तिकीट, शाळेच्या देणगीचा अर्ज, अशा प्रत्येक ठिकाणी मी हाच नंबर देते. पुण्यातून इंटरनेटवरून अमेरिकेतल्या नंबरांना फोन करायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे बर्फ काढणाऱ्याशी बोलताना माझा खरा नंबर त्याच्याकडे जात नाही. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भारतीय नंबरांना त्यावरून लेखी संदेश पाठवता येत नाही, वैयक्तिक खात्यावरून ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागत नाही, आणि दीर्घकाळ न वापरलेला नंबर परत घेतला जाऊ शकतो. अनेक बँका अशा नंबरावर कोड पाठवत नाहीत हे वर आलेच आहे. २० डॉलर भरून आपला मुख्य मोबाइल नंबर त्यात हलवण्याची सोय आहे आणि भारतात जाणारे पुष्कळ लोक बिल वाचवण्यासाठी ते करतात, परंतु बँकेत नोंदवलेला नंबर हलवू नये असा माझा आग्रह आहे.

तिसरा नंबर भारतातला. आयफोन १४ पासून पुढचे अमेरिकेत विकलेले आयफोन सिमकार्डाच्या खाचेवाचूनच येतात, तेव्हा भारतात ई-सिम, म्हणजे कार्डावाचून फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, घ्यावे लागते, आणि फोन अमेरिकेतल्या कंपनीशी बांधलेला असेल तर ते चालत नाही. म्हणून फोन आधी मोकळा करून घ्यावा. पुण्यात औषधांच्या दुकानापासून कपड्यांच्या दुकानापर्यंत बिलासाठी नंबर विचारला जातो. नंबर देण्याचा आग्रह दुकानदारांनी धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दिली होती. मी शांतपणे “नंबर नको, बिल कागदावर द्या” असे सांगते आणि बहुतेक ठिकाणी मिळते. सिमसाठी दिलेल्या पासपोर्टच्या आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या प्रतीवर तारीख व कारण लिहून सही करते. आपल्या नावावर आणखी कोणते नंबर चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसते, ते मुक्कामात एकदा तरी पाहावे. नको असलेल्या जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते.

खरी गळती होते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपांतून. साखरपुड्याचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या वर्गमैत्रिणींचा ग्रुप, सहलीचा ग्रुप. कोणीतरी प्रेमाने आपल्याला त्यात घालते आणि दीडशे अनोळखी माणसांना आपला नंबर दिसू लागतो. ग्रुपमध्ये आपल्याला कोणी घालावे याची मर्यादा सेटिंगमध्ये ‘माझे संपर्क’ अशी केली की यातले बरेचसे थांबते. माझ्या यजमानांच्या अँड्रॉइड फोनवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती आहेत, ही सोय २०२३ पासून मिळते, आणि भारतातले सगळे ग्रुप त्यांनी भारतीय नंबराच्या खात्यावर ठेवले आहेत. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरनावाची, म्हणजे नंबराऐवजी देता येईल अशा नावाची, सोय आणली. आता पुण्यातल्या नव्या ओळखींना मी ते वापरनावच देते आणि नंबर दिसू देत नाही.

परतताना तात्पुरता पत्ताबदल ठरलेल्या तारखेला आपोआप संपतो. तरी वाटेत असलेली काही पत्रे नंतरही बहिणीकडे पोहोचतात, म्हणून तिच्या पेटीतली चिठ्ठी आम्ही घरी आल्यावर आणखी तीन आठवडे काढू देत नाही.